काळूची कबुली: एका घरातलं प्रकरण

तक्रार फोनवरच सगळी ऐकायला मिळाली. "मॅडम, कुत्रा बिनडोक असता तर मी समजून घेतलं असतं. पण याला सगळं कळतं. मी दार उघडलं की कान पाडून, भुवया वर करून असा बघतो, की काही विचारायची गरजच नाही. कबूलच करतो तो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच." गृहस्थांचा आवाज रागावलेला कमी आणि दुखावलेला जास्त होता. कुत्र्यांच्या वागण्याबद्दल सल्ला देणं हे माझं काम. अशा फोनमध्ये काय काय फाडलं याची यादी मी ऐकून घेते, पण कान टवकारते ते 'कबूल करतो' या भागाला. आपलं चुकलं हे कुत्र्याला कळतं असं घरात एकदा ठरलं, की त्याची प्रत्येक पुढची चूक मुद्दाम केलेली वाटू लागते आणि घरातला सूर बिघडत जातो.

काळू (नाव बदललं आहे, घराची ओळख पटेल असे तपशीलही) तीन वर्षांचा, मिश्र वंशाचा, नसबंदी झालेला नर. पिल्लूपण सरल्यावर प्राणी-निवाऱ्यातून आणलेला. अंगाने काळा, दोन्ही डोळ्यांच्या वर तांबूस ठिपका. हे ठिपके या प्रकरणात गौण नाहीत. ते नेमके भुवईच्या जागी असल्यामुळे तिथली बारीकशी हालचालही लांबून दिसते. ऋग्वेदात यमाच्या कुत्र्यांना 'चतुरक्ष', म्हणजे चार डोळ्यांचे, म्हटलं आहे, आणि त्याचा अर्थ असेच ठिपके असा लावतात. तेव्हा या खुणेकडे माणसाचं लक्ष जाणं काही आजचं नाही.

घरात आई, बाबा, नववीतली मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. आई घरून काम करायच्या तोवर सगळं ठीक होतं. त्यांचं कार्यालय पुन्हा सुरू झालं, घर दिवसाचे काही तास रिकामं राहू लागलं, आणि पायपुसणं, उशा, दाराची चौकट यांची पाळी आली. पशुवैद्यांनी तपासून शारीरिक दुखणं नसल्याचं सांगितलं होतं. बाबा संध्याकाळी बहुधा पहिले घरी येत. पसारा बघून ते काळूला त्या जागी नेऊन, फाटलेली वस्तू नाकासमोर धरून रागवत. मारत नसत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पहिल्या भेटीत मी चौघांना वेगवेगळं विचारलं: काळूचा चेहरा तेव्हा काय सांगतो? बाबांच्या मते अपराध. आईंच्या मते केविलवाणेपणा: "अहो, डोळ्यांत पाणी येईल असा बघतो हो." रागावून झालं की त्या त्याला जवळ घेऊन काहीतरी खायला देत. मुलीने खांदे उडवले: "माझ्याकडे तो असा बघतच नाही." मुलगा म्हणाला, "तो सॉरी म्हणतो, मग मी त्याला मिठी मारतो." एकाच चेहऱ्याचे तीन अर्थ, आणि मुलीचा अनुभव चौथ्याच बाजूचा. मला पुढचा रस्ता दाखवला तो मुलीच्या त्या एका वाक्याने.

तिला खोदून विचारलं. आठवड्यातले काही दिवस शाळा लवकर सुटते आणि ती बाबांच्या आधी घरी पोचते. तेव्हाही पसारा असतोच. पण काळू तिच्या अंगावर उड्या मारतो, शेपटीने अख्खं अंग हलवतो, फाटक्या उशीवरूनच तिच्याकडे धावत येतो. म्हणजे गुन्हा तोच, पुरावा तसाच समोर पडलेला, आणि कबुली मात्र फक्त बाबांपुढे. बाबांचं म्हणणं, "तिला तो जुमानत नाही." हे उत्तर अगदीच चूक म्हणता येणार नाही, पण मग चेहऱ्याचा संबंध केलेल्या कृत्याशी नाही, समोर कोण उभं आहे त्याच्याशी आहे, हे त्यांनीच मान्य केल्यासारखं झालं.

या 'अपराधी चेहऱ्या'ची तपासणी संशोधकांनी बरीच आधी केली आहे. 1977 साली व्होल्मर यांनी एका पशुवैद्यकीय नियतकालिकात एक साधा प्रयोग मांडला होता: कागद फाडून पसरायचं काम मालकानेच केलं, तरी तो परतल्यावर कुत्र्याने नेहमीचा शरमिंदा अवतार धारण केला. नेटका प्रयोग 2009 मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 14 कुत्र्यांवर केला. मालक खाऊला तोंड न लावण्याची आज्ञा देऊन खोलीबाहेर जाई. आत कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, याची खरी माहिती त्याला प्रत्येक वेळी मिळतच नसे. कधी रागवायचं, कधी प्रेमाने बोलायचं. अपराधी चेहरा उमटला तो रागवण्यामुळे. खाऊ खाल्ला होता की नव्हता, याने फरक पडला नाही. आणि चेहरा सर्वांत ठळक दिसला तो आज्ञा पाळूनही बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा. हा शेवटचा तपशील मी प्रत्येक घरी सांगते, आणि प्रत्येक घरी क्षणभर कुणी बोलत नाही.

बाबा मात्र प्रयोगांनी पटणारे नव्हते. "ते त्यांचे कुत्रे, हा काळू." रास्त आहे. म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. दाराजवळ कॅमेरा लावायचा, आणि व्होल्मर यांची युक्ती घरातच एकदा करून बघायची.

युक्ती आधी झाली. काळू आतल्या खोलीत माझ्याजवळ असताना मुलीने दिवाणखान्यात जुनी वर्तमानपत्रं फाडून पसरली. बाबा बाहेर गेले, काळूला दिवाणखान्यात सोडलं, बाबा परत आले. त्यांना फक्त दारात उभं राहायचं होतं, एक शब्दही बोलायचा नव्हता. काळूने कागदांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, कान मागे गेले, मान खाली, शेपूट पोटाशी, आणि भुवया वर. मुलगी मोठ्याने हसली. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मग त्याला वाटतंय काय नक्की?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण तोवर त्यांच्याकडे फक्त उत्तरं होती.

कॅमेऱ्याने त्याचं बरचसं उत्तर दिलं. आई बाहेर पडल्या आणि काळू दाराच्या फटीला नाक लावून बसला. काही मिनिटांतच कण्हणं सुरू झालं, मग धापा, मग दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या. हनुवटीखाली लाळेचं थारोळं. चौकट खरवडणं. अधूनमधून मान वर करून लांबलचक विव्हळणं. जाताना ठेवलेल्या आवडत्या खाऊकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सगळी मोडतोड पहिल्या अर्ध्या तासात उरकली; उशी ओढून आणली तीही दारापाशीच. पुढचे तास तो दाराकडे तोंड करून पडून राहिला, पण झोपला नाही. खोड्या काढणारा कुत्रा असा दिसत नाही. त्याचं कुरतडणं घरभर पसरलेलं असतं, खाऊ आधी फस्त होतो, मग तो बेफिकीर ताणून देतो. काळूचं चित्र एकटेपणाच्या भीतीचं होतं, आणि तेही ठळक. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच सुरुवात, बाहेर पडण्याच्या वाटांवरच हल्ला, खाण्यावरची वासना उडणं: निदानाला याहून जास्त काही लागत नाही.

त्याच चित्रीकरणात संध्याकाळचा भागही होता. जिन्यावर पावलं वाजली आणि किल्ली कुलपात जायच्या आधीच काळूचे कान मागे गेले होते. बाबांनी पसारा पाहिलेला नाही, चेहरा वाकडा केलेला नाही, तरी. आम्ही आणखी काही दिवसांची चित्रीकरणं पाहिली. त्यात एक दिवस असा सापडला की आई लवकर परतून पुन्हा बाहेर गेल्या होत्या आणि मोडतोड काहीच नव्हती. त्या दिवशीही बाबा आले तेव्हा तोच चेहरा. बाबांना तो आठवतच नव्हता. साहजिक आहे. पसारा नसेल तेव्हा त्या चेहऱ्याचा अर्थ लावायची गरज पडत नाही, म्हणून तो मोजलाच जात नाही. मोजले जातात ते फक्त आपला समज पक्का करणारे दिवस.

काळूचा चेहरा खरं तर गोंधळाचा नव्हताच. कान मागे चपटे, मान खाली, नजर तिरकी, शरीर आखडून लहान केलेलं, ओठांवरून पटकन फिरणारी जीभ: हे कुत्र्यांचं राग शमवण्याचं नेहमीचं वागणं आहे. समोरच्याकडून काहीतरी वाईट येतंय, ते टळावं, एवढाच त्याचा मजकूर. काळू दोन गोष्टींची सांगड शिकला होता: ही पावलं वाजली की पुढे कटकट येते. सकाळी केलेल्या कृत्याचा धागा त्यात कुठेच नव्हता, कारण कित्येक तासांनी मिळालेली शिक्षा त्या कृत्याशी जोडणं कुत्र्याला जमत नाही.

मग प्रश्न उरतो भुवयांचा. बाबांना अपराध दिसला आणि आईंना करुणा, दोन्ही त्याच एका हालचालीतून. आतल्या बाजूची भुवई वर गेली की डोळा मोठा आणि गोल भासतो, चेहरा बाळासारखा होतो. शिवाय माणूस दुःखी असतो तेव्हा त्याचीही भुवई अशीच उचलली जाते. कॉनराड लॉरेन्झ यांनी 1943 मध्येच मांडलं होतं की मोठे डोळे, उंच कपाळ, गोल चेहरा अशी ठेवण दिसली की माणसाला सांभाळ करण्याची ओढ लागते. कुत्र्याच्या बाबतीत ही ओढ किती कामाची असते याचा अंदाज 2013 च्या एका अभ्यासातून येतो. प्राणी-निवाऱ्यातल्या 27 कुत्र्यांसमोर अनोळखी माणूस दोन मिनिटं उभा राहिला आणि त्या वेळात प्रत्येकाने आतली भुवई किती वेळा उचलली ते मोजलं गेलं. पाच वेळा उचलणाऱ्यांना घर मिळायला सरासरी सुमारे 50 दिवस लागले, दहा वेळा उचलणाऱ्यांना 35, पंधरा वेळा उचलणाऱ्यांना 28. नमुना लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. काळूची निवड कशी झाली हे आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बाकीचे भुंकत होते, हा नुसता बघत होता."

2019 मध्ये ज्युलियन कामिन्स्की, अ‍ॅन बरोज आणि सहकाऱ्यांनी कुत्रे आणि लांडगे यांच्या चेहऱ्यांचं विच्छेदन करून दाखवलं की आतली भुवई उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये नीट तयार असतो, तर लांडग्यांत त्या जागी थोडेसे तंतू आणि संयोजी ऊती एवढंच सापडतं. यावरून 'कुत्र्याची भुवई माणसासाठी घडली' असं जगभर छापून आलं. मला तो निष्कर्ष फार घाईचा वाटतो. विच्छेदन झालं होतं चार लांडग्यांचं आणि सहा कुत्र्यांचं. आणि 2024 मध्ये आफ्रिकन जंगली कुत्र्याच्या चेहऱ्यात हेच स्नायू चांगले भरदार आढळले, कोयोट या लांडग्याच्या अमेरिकन भाऊबंदातही भुवईचा तो स्नायू मिळाला. यांतल्या एकालाही माणसाने कधी पाळीव केलेलं नाही. तेव्हा ही देणगी माणसाच्या सहवासाच्या कितीतरी आधीची असून लांडग्यात ती ओसरली, ही शक्यता उघडी राहते. माणसाने निवड केली नाही असं मी म्हणत नाही. पण हा स्नायू केवळ आपल्याला विरघळवायला जन्माला आला, या गोष्टीत आपल्या आत्मप्रौढीचा वाटा मोठा आहे.

काळूच्या प्रकरणाला याहून उपयोगी ठरला तो 2017 चा प्रयोग. 24 कुत्र्यांपुढे एक माणूस कधी तोंड करून, कधी पाठ फिरवून उभा राहिला. कधी हातात खाऊ, कधी रिकाम्या हाताने. माणूस तोंड करून असताना चेहऱ्याच्या हालचाली वाढल्या, विशेषतः भुवई उचलणं आणि जीभ दाखवणं. खाऊ दाखवल्याने मात्र फरक पडला नाही. म्हणजे चेहरा हलतो तो समोरच्याचं लक्ष आहे म्हणून. कुत्रा हे जाणूनबुजून करतो असं यातून सिद्ध होत नाही. पण काळूच्या चित्रीकरणाकडे आम्ही पुन्हा वळलो तेव्हा चमत्कारिक गोष्ट दिसली. कॅमेरा उंचावर होता, त्यामुळे अगदी ठामपणे सांगत नाही. तरी घरात ज्या भुवयांची एवढी चर्चा, त्या एकटेपणाच्या खऱ्या त्रासात फारशा हललेल्या दिसल्याच नाहीत. त्रास होता तो उघड्या जबड्यात, लाळेत, ताणलेल्या ओठांच्या कडांत, पावलांत. आई म्हणाल्या, "म्हणजे खरं रडतो तेव्हा आम्हाला कळतच नाही."

बाबांनी विचारलं, मग चेहरा बघूच नये का? बघावा, पण एकटा नाही. 2025 मध्ये हॉली मोलिनारो आणि क्लाइव्ह विन यांनी दाखवलं की एकाच कुत्र्याचं चित्रीकरण, पार्श्वभूमी बदलून, आनंदी प्रसंगात बसवलं तर लोकांना कुत्रा आनंदी वाटतो आणि त्रासदायक प्रसंगात बसवलं तर त्रासलेला. कुत्रा तोच, हालचाल तीच. आपण चेहरा वाचतो असं समजतो, आणि वाचतो आजूबाजूचा प्रसंग. बाबांच्या बाबतीत तो प्रसंग म्हणजे फाटलेली उशी.

आता मुलाबद्दल. घरच्यांच्या तक्रारीत तो नव्हता, पण माझ्या नोंदीत सर्वांत वर तोच होता. रागवून झाल्यावर तो धावत जाऊन काळूच्या गळ्यात पडायचा. मी हे एकदा प्रत्यक्ष पाहिलं: काळू ताठ झाला, तोंड वळवलं, जीभ नाकावर फिरवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर दिसली. आईंना ते दृश्य गोड वाटत होतं. त्यांच्या फोनमध्ये त्याचा फोटोही होता. फोटोत भुवया वर आहेत, म्हणून तो लाडका दिसतो. पण वळवलेलं डोकं आणि डोळ्याचा पांढरा भाग 'मला सोड' असं म्हणतात, आणि त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही तर पुढची पायरी गुरगुरण्याची, त्यापुढची दातांची. लहान मुलांना हे आपसूक कळत नाही. 2018 मध्ये केर्स्टिन माइंट्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या कित्येक मुलांनी दात विचकणारा कुत्रा 'हसतोय' असं सांगितलं होतं. शिकवल्यावर त्यांच्या चुका कमी झाल्या. म्हणून पहिला नियम मुलासाठी केला: मिठी नाही. हात खाली ठेवून बोलवायचं, काळू आपणहून आला तर छातीवर खाजवायचं, थोड्या वेळाने थांबायचं. तो पुन्हा जवळ सरकला तरच पुढे. मुलाने हा नियम मोठ्यांपेक्षा लवकर उचलला आणि आईंनाही त्यावरून टोकू लागला.

बाकीचा उपाय नेहमीचा, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा. सुरुवातीचे आठवडे काळूला एकटं ठेवायचंच नाही अशी व्यवस्था लावली, कारण रोज भीतीचा झटका येत असेल तर शिकवलेलं काहीच टिकत नाही. आईंनी चपला घालून, किल्ल्या वाजवून पुन्हा सोफ्यावर बसायचं, इतक्यांदा की त्या खुणांचा अर्थच पुसला जाईल. मग दाराबाहेर काही क्षण, मग थोडं जास्त. कॅमेऱ्यात धापा किंवा ओठ चाटणं दिसलं की मागच्या पायरीवर यायचं. भुवया बघायच्या नाहीत, तोंड बघायचं, हे मी फ्रिजवर लिहून ठेवायला सांगितलं. पशुवैद्यांनी फ्लुओक्सेटिन हे चिंता कमी करणारं औषध सुरू केलं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, हे आधी सांगितलं नाही तर लोक मध्येच सोडून देतात. बाबांचं काम सर्वांत अवघड होतं: घरात शिरायचं, पसारा असला तरी काही बोलायचं नाही, काळूकडे थेट न बघता बाजूला बसायचं, तो आला की हात पुढे करायचा. "मग त्याला कळणार कसं?" हा प्रश्न त्यांनी त्यानंतरही विचारला. कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

बाबांच्या आगमनावरचा परिणाम सर्वांत आधी दिसला. काही आठवड्यांत पावलं वाजल्यावर कान मागे जाणं कमी झालं, मग शेपूट हलू लागली, आधी खाली, मग मोकळी. एकटं राहण्यातली प्रगती सावकाश आणि वाकडीतिकडी होती. दोनदा आम्ही बऱ्याच मागच्या पायरीवर आलो. एकदा कारण कळलं: घराबाहेर फटाके वाजले होते. दुसऱ्यांदा नाही कळलं. चौथ्या महिन्यात तो अर्धा दिवस एकटा राहू लागला आणि खाऊ खाऊ लागला. माझ्या लेखी चौकट न खरवडण्यापेक्षा हे खाणं मोठं. पूर्ण दिवस अजून जमत नाही. त्या दिवशी त्याला सांभाळायला कुणीतरी येतं. औषध हळूहळू कमी करायचं की नाही ते पशुवैद्य ठरवतील.

शेवटच्या भेटीत पशुवैद्यांची एक नवी तक्रार हाती आली: वजन वाढलं आहे. बाबांचं रागावणं थांबलं, पण आईंचं तुकडे देणं थांबलं नाही, आणि जेवणाच्या वेळी भुवया वर गेल्या की काहीतरी मिळतं हे काळूला पक्कं ठाऊक झालं आहे. मी बंद करा म्हटलं, त्यांनी मान डोलावली, आणि दोघींनाही माहीत होतं की ते होणार नाही. शेवटी तडजोड केली: दिवसभराचे तुकडे सकाळीच त्याच्या जेवणातून मोजून बाजूला काढायचे, आणि ते द्यायचे तो आपल्या अंथरुणावर जाऊन पडल्यावर. पुढच्या महिन्यात पुन्हा वजन करायचं आहे.